गुरू-आयोचे रेडिओ बर्स्ट: रिसीव्हर, अँटेना कोणता घ्यावा? (यावल)

तापीकाठ: राम राम. यावलजवळ केळीच्या मळ्यात २०.१ मेगाहर्ट्झवर गुरू, म्हणजे त्याचे रेडिओ लहरींचे झोत (बर्स्ट), ऐकायचाय. हाताशी आरटीएल-एसडीआर व्ही३ (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आहे, जागा १० बाय १० मीटर. सध्या दर सेकंदाला ‘टक’ ऐकू येतं, हे गुरूच्या आयो या चंद्रामुळे का?

बिनतारी: नाही भाऊ, ते कुणाच्या तरी बांधावरच्या कुंपणाचं झटका मशीन असणार. गुरू इतक्या शिस्तीत वाजत नाही. त्याचे एल-बर्स्ट किनाऱ्यावर लाट यावी तसे सेकंदभर चढतात, उतरतात. एस-बर्स्ट मिलिसेकंदांचे, कढईत लाह्या तडतडाव्यात तसे.

व्ही३चा ट्यूनर २४ मेगाहर्ट्झच्या खाली जात नाही, डायरेक्ट सॅम्पलिंग (ट्यूनर वगळून सिग्नल थेट मोजणं) लावावं लागतं. त्याचं क्लॉक (सिग्नल मोजायचा वेग) २८.८चं, म्हणून २८.८ वजा २०.१, म्हणजे ८.७वरचं जे काही असेल ते २०.१वर येऊन बसतं. पुढे २० मेगाहर्ट्झचा बँडपास फिल्टर (तेवढाच पट्टा आत सोडणारा) जोडा, नाहीतर सरळ याचंच पुढचं मॉडेल व्ही४ घ्या. सॉफ्टवेअरमध्ये मोड एसएसबी (सिंगल साइडबँड). एजीसी (आवाज आपोआप सारखा राखणारी सोय) बंदच ठेवा; चालू असला तर बर्स्ट आला की तोच गेन पाडतो.

सातपुडा२१: अँटेना एकच डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन तुकड्यांची तार) पुरे: ७.०९ मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना ३.५४. तार पूर्व-पश्चिम, बांबूवर १२ फुटांवर ताणा. केळीचं ओलं पान वाऱ्याने तारेला लागता कामा नये. डिशची ७५ ओहमची केबल चालते, पण तिची जाळी बहुधा अ‍ॅल्युमिनियमची. तिच्यावर डाख बसत नाही, क्रिंपचा एफ-कनेक्टरच वापरा.

मग अँटेना काढून तिथे ७५ ओहमचा रेझिस्टर लावून बघा. खरखर घटली नाही तर रिसीव्हर बहिरा आहे. घटली, तर मोटर, एलईडी, चार्जर एकेक बंद करून पाहा, लॅपटॉप बॅटरीवर. यातून उरेल ती आकाशगंगेची खरखर, आणि तीच हवी.

तापीकाठ: आणि वेळ?

बिनतारी: मध्यरात्रीनंतर, पहाटेपर्यंत. दिवसा आयनोस्फिअर आड येतं आणि शॉर्टवेव्हची गर्दीही असते. रोज जागू नका. आयोची गुरूभोवतीची फेरी साडेबेचाळीस तासांची, गुरूची स्वतःभोवतीची दहा तासांहून थोडी कमी. दोन्ही जुळतील तेव्हाच बसा. बर्स्ट येण्याच्या अशा जुळण्यांना आयो-ए, आयो-बी अशी नावं आहेत. आयो-बीसाठी आयो-फेज (आपल्याकडून पाहता आयो गुरूच्या बरोबर मागे असतो तिथून मोजलेला त्याचा कोन) ९० अंशांजवळ आणि सिस्टिम ३चा मध्यरेखांश (गुरूच्या चुंबकीय क्षेत्राच्या फिरण्याशी बांधलेल्या रेखांशांपैकी आपल्या समोर असलेला) १०० ते २००. आयो-एसाठी फेज २४०जवळ, रेखांश २०० ते २७०. गुरू मिथुनेत असला की आपल्याकडे जवळजवळ डोक्यावरून जातो, त्यामुळे १२ फुटांचा डायपोल बरोबर वरच बघतो.

सातपुडा२१: रेकॉर्डिंग वॅव्हमध्येच करा, एमपी३त एस-बर्स्टची धार जाते. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. धुळे-नंदुरबारकडच्या कुणाच्या फाइलमध्ये त्याच सेकंदाला तेच उमटलं, तर ते मळ्यातलं नाही हे नक्की.