ड्राय बाल्कनीत साप शिरलाय, सर्पमित्र येईपर्यंत काय करायचं?

घरकोंबडा:
पटकन कोणीतरी सांगा. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे साप आहे. बायको कपडे काढायला गेली तेव्हा मशीन आणि भिंतीच्या फटीत सरकताना दिसला, लांबी साधारण हातभर, बारीक, गडद रंगाचा आणि अंगावर पांढरट पट्टे. सर्पमित्राला फोन झालाय पण तो दुसरीकडे गेलाय, तासभर तरी लागेल म्हणाला. शेजारचे काका काठी घेऊन दारात उभे आहेत, म्हणतात मण्यार आहे, जहाल विषारी, आत्ताच ठेचा नाहीतर रात्री अंथरुणात येईल. बायको म्हणते कवड्या असेल, तो बिनविषारी. मला दोन्हीतलं काही कळत नाही. वायपरने ढकलून बादलीत घेता येईल का? फिनाईल ओतलं तर निघून जाईल का? घरात लहान पोरगी आहे म्हणून जास्त टेन्शन.

रानवारा:
आधी काकांची काठी काढून घ्या. साप मारायला जाताना चावे बसतात, आणि शिवाय तो गुन्हा आहे, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो, 2022 च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस, एवढंच काय बिनविषारी धामणसुद्धा अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. काका ऐकत नसतील तर हे वाचून दाखवा.
आता काम एकच, साप नजरेआड होऊ द्यायचा नाही. सर्पमित्र येतो आणि घरचे म्हणतात आत्ता तर इथे होता, मग अख्खं घर उपसावं लागतं आणि तरी सापडत नाही, आणि त्या घरात पुढचे कित्येक दिवस कोणी नीट झोपत नाही. म्हणून बाल्कनीचं दार लावा, खालच्या फटीत टॉवेल किंवा जुनी चादर घट्ट खुपसा, दिवा चालू ठेवा. एकच शांत डोक्याचा माणूस काचेतून किंवा दाराबाहेरून लक्ष ठेवेल, बाकी सगळे आणि पोरगी दुसऱ्या खोलीत. मशीन हलवू नका. फिनाईल, रॉकेल, हिट असलं काहीही मारू नका, त्याने तो बिथरून भलतीकडे घुसतो, शिवाय अंगावर पडलं तर मरतोही. तो मशीनमागे गप्प बसला असेल तर ते तुमच्या फायद्याचंच आहे, बसू द्या.
हा सर्पमित्र अडकला तर वनविभागाची हेल्पलाईन 1926 वर लावा, तिथूनही जवळचा माणूस मिळतो.

टेकडीवरची:
कवड्या की मण्यार हा घोळ कायमचा आहे, भले भले फसतात. बघायचं असेल तर लांबून मोबाईल झूम करून फोटो काढा, तोंड खाली घालून बघायला जाऊ नका.
कवड्या बहुतेक तपकिरी असतो, पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढे ठळक आणि शेपटीकडे विरत जातात. डोकं चपटं. मण्यार चकचकीत काळी, निळसर झाक असते, पट्टे बारीक आणि बरेचदा जोडीजोडीने, डोक्याच्या बरेच मागून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत स्पष्ट राहतात. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते, फोटो चांगला आला तर ती दिसते. कवड्या पाली खातो म्हणून भिंतीवर, पाईपवर सरसर चढतो, त्यामुळे वरच्या मजल्यांवर सापडणारा पट्टेवाला बहुतेक वेळा तोच निघतो.
पण हे सगळं माहितीसाठी. मण्यारीच्या पिल्लांचे पट्टे फसवतात, कात टाकायला आलेला साप भलत्याच रंगाचा दिसतो, काही मण्यारींना पट्टेच नसतात. माणूस येईपर्यंत मण्यारच आहे असं धरून चाला.

बिनधास्त_बंडू:
एवढं काय घाबरायचं राव, कवड्या असला तर वायपरने बाहेर काढून वरून बादली पालथी घाला, वर वजन ठेवा, झालं काम.

रानवारा:
बंडूभाऊ, 'असला तर' हे तुम्हीच लिहिलंय. नसला तर? साप मोकळ्या फरशीवर असता तर एक वेळ गोष्ट वेगळी, हा फटीत आहे, बाहेर काढायला हात आत जाणार, चेहरा खाली जाणार. आणि बादलीची कड अंगावर बसली की मणका मोडतो, असे साप सोडल्यावर जगत नाहीत.

घरकोंबडा:
दार लावलं, टॉवेल खुपसला, काकांना चहाच्या नावाखाली आत बसवलंय. तो आता मशीनच्या पाईपला गुंडाळी करून बसलाय, शेपटी दिसतेय फक्त, फोटो धड येत नाहीये. दोन शंका आहेत, एक म्हणजे बायको फटीच्या बऱ्यापैकी जवळ वाकली होती, चावलं असतं तर कळलं असतं ना? आणि दुसरं, सर्पमित्र पैसे किती घेतो वगैरे जाऊ दे, पण तो खरा आहे की नुसता स्टंटवाला हे कसं ओळखायचं?

रात्रपाळी_डॉक्टर:
पहिल्या शंकेचं उत्तर देतो. मण्यार असेल तर 'कळलं असतं' यावर विसंबू नका. तिचे दात बारीक, चावा मुंगी चावल्यासारखा किंवा तेवढाही जाणवत नाही, सूज नाही, खूण कधी सापडतच नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, घरचे अॅसिडिटी समजतात, मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, शेवटी श्वास. वहिनी जागेपणी, उभ्याने होत्या, हात फटीत घातला नव्हता, तर काळजीचं कारण दिसत नाही, तरी हातपाय एकदा उजेडात बघून घ्या आणि वरच्यापैकी काहीही वाटलं तर थेट हॉस्पिटल.
कोणालाही चावलाच तर आवळपट्टी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा, हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, चालवत नेऊ नका, 108 ला फोन करा. जायच्या आधी हॉस्पिटलला फोन करून प्रतिविष आणि व्हेंटिलेटर आहे का विचारा, नाहीतर फिरवाफिरवीत वेळ जातो. साप मारून आणायची अजिबात गरज नाही, आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच असतं आणि आम्ही लक्षणं बघून, नळीत रक्त घेऊन 20 मिनिटांत गोठतं का ते पाहून ठरवतो. पिशवीत जिवंत साप घेऊन कॅज्युअल्टीत येणारे नातेवाईक ही एक वेगळीच डोकेदुखी आहे.

रानवारा:
दुसरी शंका माझ्याकडे. चांगला माणूस आला की बडबड कमी करतो. आधी सगळ्यांना मागे घालवतो, पायात बूट असतात, हातात हूक, सोबत पिशवी आणि पाईपचा तुकडा. पिशवीचं तोंड पाईपला बांधून पाईप सापासमोर धरतात, सापाला अंधारं बीळ वाटतं आणि तो आपणहून आत जातो, हात लावावाच लागत नाही. बघायला गंमत काही नाही, दोन-चार मिनिटांत संपतं. जो मान धरून फोटो काढायला लावतो, गळ्यात घालतो, पोरांना हात लावायला देतो, त्याला पुढच्या वेळी बोलवू नका. वनविभागाकडे नोंद आहे का हे तोंडावर विचारा, खरा असेल तर रागावत नाही. आणि तुम्हीही सेल्फी मागू नका, अर्धे स्टंट घरच्यांच्या हौसेपायी होतात.
सोडणार कुठे तेही विचारा. 'लांब जंगलात सोडतो' ऐकायला छान वाटतं पण साप आपल्या भागातली बिळं, पाणी, भक्ष्य ओळखून असतो, लांब नेलेला भटकत राहतो आणि बरेचदा मरतो. वस्तीपासून थोडं बाजूला, त्याच परिसरात सोडणं बरोबर.

टेकडीवरची:
साप गेल्यावर उद्याच करण्यासारखं, बाल्कनीच्या सांडपाण्याच्या नळीला बारीक जाळी ठोका, करंगळी जाईल तिथून पिल्लू येतं. पाईपला लागून वेल किंवा फांदी असेल तर छाटा. पाली, उंदीर जास्त झालेत का बघा, तो त्यांच्याच मागे आलाय. नायलॉनची मोकळी जाळी मात्र लावू नका, साप त्यात अडकून कापला जातो. आणि दाराखाली रबरपट्टी बसवा, फट अर्ध्या बोटाएवढी दिसली तरी बसवा.