मदत हवी आहे : माशी शिंकली तरी ऐकू येणाऱ्या साऊंडवेव्हचा स्वभाव नेमका कसा?

टेपवाला मामा

नमस्कार मंडळी, सोलापुरातून लिहितोय. प्रश्न भाच्याचा आहे, झोप माझी उडालीय.

भाचा पाचवीत. यंदा गॅदरिंगला 'मी खलनायक' असा एकपात्री प्रकार ठेवलाय, प्रत्येकाला तीन मिनिटं. चार रावण, दोन कंस आणि एक अफजलखान आधीच बुक झाले. आमच्या पठ्ठ्यानं नाव दिलं साऊंडवेव्ह, म्हणजे ट्रान्सफॉर्मर्स कार्टूनमधला, टेपरेकॉर्डर होणारा खलनायक रोबो. बाईंची अट अशी की नुसता पोशाख घालून उभं राहायचं नाही, आपला स्वभाव कसा आणि अंगात शक्ती कोणत्या हे मराठीत सांगायचं. गेल्या वर्षी हाच पोरगा रोबो झाला होता. तीन मिनिटं 'बीप बीप' केलं आणि शेवटी डोक्यावरचं पातेलं स्टेजवर पडून गडगडत पहिल्या रांगेपर्यंत गेलं. तेव्हा ही अट कुणामुळे आली ते समजून घ्या.

माझं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान अजून आहे, पण टेप गेले, आता मिक्सर आणि कूलरच्या मोटारी. तरी माळ्यावर जुनी डेक पडून आहेत, म्हणून छातीत कॅसेटचं दार असलेला रोबो करायला भाच्याला मामाच आठवला. पोशाखाची काळजी नाही. शेजारी यंत्रमागवाले आहेत, त्यांच्याकडून जॅकार्डचे जुने भोकाभोकांचे पुठ्ठे आणलेत. चादरीवरचा मोर त्या भोकांतून उतरतो, आता त्यांचाच रोबो होईल. निळा रंग मारला की झालं.

अडलंय ते स्वभावावर. १९८४ ची मूळ ट्रान्सफॉर्मर्स मालिका आम्ही दोघांनी मिळून मोबाईलवर पाहिली. त्यात हा मेगाट्रॉनचा, म्हणजे डिसेप्टिकॉन नावाच्या दुष्ट रोबोंच्या पुढाऱ्याचा, एकनिष्ठ माणूस. त्यांच्यातलाच स्टारस्क्रीम सारखा पुढाऱ्याच्या गादीवर डोळा ठेवून असतो, हा मात्र सांगितलं तेवढं करतो, एका सुरात बोलतो, कधी चिडत नाही. पण एका गिऱ्हाइकानं त्याच्याकडच्या जुन्या खेळण्याच्या खोक्यामागचा मजकूर दाखवला, तर तिथं भलताच माणूस! हा म्हणे कानावर पडेल ते जपून ठेवतो आणि त्यावरून लोकांना धमकावून स्वतः वर चढतो. संधिसाधू. बाकीचे डिसेप्टिकॉन त्याचा तिरस्कार करतात. आणि सगळ्यात भारी म्हणजे, माशी शिंकली तरी त्याला ऐकू येते असं म्हणतात, हे वाक्य. इंग्रजीत लिहिणाऱ्याला मराठीत माशी शिंकल्यावर काय होतं हे कुठून ठाऊक असणार! पण भाचा त्या वाक्यावर इतका खूश आहे की जेवताना सुद्धा 'मामा, माशी शिंकली' म्हणतो आणि आई दचकते.

तर निष्ठावान दाखवायचा की ब्लॅकमेलर? शक्ती खूप आहेत, तीन मिनिटांत कोणत्या घ्यायच्या? आणि तो आवाज कसा काढायचा? सांगा की कुणीतरी.

पार्कचौकी

मामा, तो एका डोळ्याचा जांभळा ना? हाताच्या जागी तोफ असलेला? तो तर सायबरट्रॉन ह्या त्यांच्या ग्रहावर लाखो वर्षं एकटाच राखण करत बसला होता. एकनिष्ठच दाखवा, डोळे झाकून.

निळा डबा

@पार्कचौकी, तो शॉकवेव्ह. नावातलं 'वेव्ह' ऐकून निम्मी दुनिया इथंच घसरते. मामा विचारताहेत तो साऊंडवेव्ह : निळा, चेहऱ्यावर पट्टी, छातीला काचेचं दार.

मामा, आधी एक ठरवा, भाच्याचा साऊंडवेव्ह कोणता? २०१० मध्ये सुरू झालेल्या ट्रान्सफॉर्मर्स प्राइममधला असेल तर तो स्वतः जवळजवळ बोलतच नाही. चेहऱ्याच्या जागी काळा पडदा, आणि बोलायची वेळ आली की दुसऱ्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवतो. भयंकर माणूस आहे, पण बाईंच्या अटीत बसायचा नाही. तीन मिनिटं गप्प उभा राहिला तर परत पातेलं पडल्यासारखंच व्हायचं. जुनाच घ्या.

शक्तींचं म्हणाल तर यादी वाचू नका, पोरं कंटाळतात. ऐकणं ही एकच शक्ती धरा, बाकी सगळं त्यातूनच निघतं. अगदी कमी ताकदीचे रेडिओ संदेश त्याला पकडता येतात. मेंदूतले विजेचे झटके टिपून मनातलं वाचतो. मालिकेत चिप नावाच्या, चाकाच्या खुर्चीवरच्या हुशार पोराच्या डोक्यातलं सूत्र काढायला मेगाट्रॉन ह्यालाच पुढं करतो. आणि जिथं स्वतः जाऊ शकत नाही तिथं छातीतल्या कॅसेटी पाठवतो, बाहेर पडल्या की त्यांचेच रोबो होतात. लेझरबीक पक्षी होऊन उडतो, बघून येतो, परत छातीत शिरला की सगळं दृश्य हा दाखवतो. रॅव्हेज काळा बिबट्यासारखा, पावलांचा आवाज नाही. रंबल हाताचे घण करून जमीन हादरवतो. म्हणजे डोळे बाहेर, पाय बाहेर, घण बाहेर, आणि मधे बसून हा ऐकतोय.

लंबकर्ण

रंबल लाल की निळा ते भाच्याला विचारून घ्या, नाहीतर पुढच्या रांगेतला एखादा बाप उभा राहील. मालिकेत रंबल निळा आणि त्याच्यासारखीच दुसरी कॅसेट, फ्रेंझी, लाल. खेळण्यांत बरोब्बर उलटं. ह्यावरून आमच्या घरात दोन भाऊ आठवडाभर बोलत नव्हते, त्यातला एक मी.

टेपवाला मामा

@निळा डबा, दादा, मूळचाच. प्राइमवाला भाच्यानं बघितलाय, पण त्याचं म्हणणं 'त्याच्यात कॅसेट कुठंय?' पोराला कॅसेट म्हणजे काय तेच आधी माहीत नव्हतं. एक दिली हातात, तर त्यानं स्क्रीन कुठून चालू होते ते शोधलं. मग पेन्सिल घालून रीळ गुंडाळून दाखवलं. आता दिवसभर तेच चालतं, अभ्यासाची पेन्सिल कुणाला सापडत नाही.

@लंबकर्ण, लाल-निळ्याचा वाद घरात शिरलाय. तुमच्या कृपेनं.

पण माझा पहिला प्रश्न तसाच राहिला. खरा कोणता?

आत्याबाई

मामा, मी पुण्यात असते, माहेर सोलापूरचं. लहानपणी नाही, मुलाबरोबर बघितली ही मालिका, त्यामुळे जरा परक्या नजरेनं सांगते.

खोक्यावरची माहिती आणि मालिका जुळत नाहीत यात तुमची काही चूक नाही. ही खेळणी मुळात जपानच्या ताकाराची. हासब्रोनं ती घेतली, वेगळी नावं देऊन अमेरिकेत आणली, आणि प्रत्येकाला स्वभाव चिकटवायचं काम मार्व्हल कॉमिक्सच्या लोकांकडे गेलं. खोक्यांमागच्या बहुतेक ओळखी बॉब बुडियान्स्की यांनी लिहिल्या. खेळणं आधी, स्वभाव नंतर! मालिका लिहिणाऱ्यांनी त्यातलं पाहिजे ते उचललं. कारस्थान करायला स्टारस्क्रीम होताच, दुसरा कशाला? म्हणून ह्याला मुका आज्ञाधारक केला, असं आपलं माझं मत.

पण तुम्ही १९८६ चा ट्रान्सफॉर्मर्सचा चित्रपट बघा. त्यात घायाळ मेगाट्रॉन ह्यालाच म्हणतो, मला सोडून जाऊ नको. हा 'जशी आज्ञा' म्हणून उचलून नेतो. इथंवर मारुतीराया. पुढं परतीच्या वाटेवर ॲस्ट्रोट्रेनला, म्हणजे त्यांना घेऊन उडणाऱ्या डिसेप्टिकॉनला, वजन झेपेना, म्हणून जखमींना बाहेर फेकायचं ठरतं. स्टारस्क्रीम मेगाट्रॉनला ढकलून देतो. साऊंडवेव्ह कुठं असतो? तिथंच. काही बोलतो? नाही. आणि लगेच पुढारी कोण यावरून भांडण लागतं तेव्हा हा उठून सांगतो की मी श्रेष्ठ, तुम्ही कनिष्ठ. त्यावर कुणीतरी त्याला तोंडावर सुनावतं की तुझ्यासारख्या रटाळ माणसाच्या मागं कोण येणार!

आता सांगा, निष्ठावान का? माझ्या मते तो माणसाशी नाही, खुर्चीशी निष्ठावान आहे. असा एक हेडक्लार्क प्रत्येक कचेरीत असतो. साहेब बदलतात, हा तिथंच. सगळ्यांच्या फायली ह्याला पाठ. मालिकेतला आणि खोक्यावरचा एकच माणूस आहे हो, फक्त एकीकडं साहेब जिवंत आहे आणि दुसरीकडं साहेबाची पाठ फिरलीय.

निळा डबा

आत्याबाई, हेडक्लार्कला हरकत. ते फेकाफेकीचं दृश्य मीही बघितलंय, पण त्यातून एवढं काढणं म्हणजे ओढाताण. पुढं मेगाट्रॉनच्या जागी गॅल्व्हाट्रॉन आल्यावर त्याच्याही पाठीशी हा उभाच आहे की.

आत्याबाई

तेच तर म्हणतेय! साहेब बदलला, हा तिथंच.

निळा डबा

बरं, हरलो.

जुनी कॅसेट

आवाजाबद्दल मी सांगतो, माझा धंदाच साऊंडचा. गणपती, लग्नं, गड्ड्याच्या जत्रेतले स्टॉल, सगळं.

तो आवाज फ्रँक वेल्कर यांचा. मेगाट्रॉनचाही त्यांचाच! साहेब हुकूम देतो आणि नोकर 'जी' म्हणतो तेव्हा एकच माणूस स्वतःशी बोलतोय. फरक असा की साऊंडवेव्हचा आवाज वोकोडरमधून काढलेला. वोकोडर म्हणजे तुमच्या आवाजाचा फक्त साचा घ्यायचा, त्यातला सूर टाकून द्यायचा आणि यंत्राचा सूर त्यात ओतायचा. शब्द तुमचे, गळा मशीनचा. हे यंत्र अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये होमर डडली यांनी केलं, आणि दुसऱ्या महायुद्धात टेलिफोनवरचं बोलणं शत्रूला कळू नये म्हणून वापरलं गेलं. चोरून ऐकणाऱ्याचा आवाज, चोरून ऐकता येऊ नये म्हणून केलेल्या यंत्रातून. मला हे फार आवडतं, असो.

मोबाईलवर ॲप मिळतात, पण गॅदरिंगला त्यांच्या भरवशावर राहू नका. माईक, मोबाईल, वायर, मधे एक जरी सैल झालं तर पोरगं रडकुंडीला येतं. त्यापेक्षा टेबल फॅन! लहानपणी फॅनसमोर 'आऽऽऽ' केलं नाही असा माणूस दाखवा. पाती आवाज कापतात, तो थरथरत येतो. जाळीपासून वीतभर अंतरावर बसवून दोन-तीन वाक्यं रेकॉर्ड करा, पंखा मधल्या स्पीडवर. फुल्लवर ठेवला तर नुसतं वारं ऐकू येतं. ती वाक्यं दार उघडताना वाजवा. बाकीचं तोंडानंच.

तोंडानं बोलताना एकच नियम : वाक्याच्या शेवटी आवाज वर न्यायचा नाही, खाली पण नाही. आपल्या सोलापुरी बोलण्यात हे महाकठीण, आपल्याला शेवटी 'की' लावून उचलायची सवय. 'मी ऐकतोय की' म्हटलं की रोबो गेला, नव्या पेठेतला दुकानदार आला. क्रियापदंच काढून टाका. 'आदेश मिळाला. काम सुरू. लेझरबीक, इजेक्ट.' एवढंच.

शेंगाचटणी

माशीवरून सुरुवात करा मामा. स्टेजवर अंधार, नुसता गुंईऽऽ आवाज, मग एक शिंक. आणि हा सपाट आवाजात : 'माशी. शिंकली. तिसरी रांग.' तिसऱ्या रांगेत मुख्याध्यापक बसतात का तेवढं आधी बघा.

टेपवाला मामा

मंडळी, काल रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून रिहर्सल केली, ते सांगतो.

आत्याबाई, तुमचा हेडक्लार्क भाच्याला सांगितला. त्याला काही तो कळला नाही, पण तो एकदम म्हणाला, 'म्हणजे आमच्या वर्गातला मॉनिटर.' बाई वर्गात असल्या की हाताची घडी, बाई गेल्या की पाटीवर नावं लिहून घेतो आणि पेरूची फोड दिली की खोडतो. त्यावर त्यानं स्वतःच लिहिलं. पहिला भाग मेगाट्रॉनसमोर : 'आदेश मिळाला.' मग मेगाट्रॉन निघून गेला असं समजायचं, हा मान वळवून प्रेक्षकांकडं बघतो आणि त्याच आवाजात म्हणतो, 'तुमच्या डब्यात काय आहे. माहीत आहे. गृहपाठ कुणी छापला. माहीत आहे. बोलू का. की राहू दे.' मी हातातला सोल्डरिंग गन खाली ठेवला हो. आवाज तोच, चेहऱ्यावर पट्टी, काही बदललं नाही, तरी अंगावर काटा आला. निष्ठावान की ब्लॅकमेलर हा माझा प्रश्नच त्यानं निकालात काढला.

फॅनचा उपाय जमला. 'इजेक्ट' मस्त आलंय, फक्त मागून कुत्रं भुंकलेलं पण आलंय. भाचा म्हणतो राहू दे, रॅव्हेज आहे.

आता अडचण दाराची. पुठ्ठ्याला जुन्या डेकची स्प्रिंग लावली, तर दार खाडकन उघडून त्याच्याच हनुवटीला लागतं. डेकमध्ये असतं तसं घट्ट ग्रीस भरलेलं छोटं चाक लावलं की दार सावकाश, रुबाबात उघडेल, पण माझ्याकडच्या दोन्ही डेकची ती चाकं सुकून दगड झालीत. आणि कॅसेटची रिकामी प्लास्टिक कव्हरं हवीत, पाच-सहा. सोलापुरात कुणाकडं आहेत का? गॅदरिंग पुढच्या आठवड्यात आहे.

जुनी कॅसेट

चाक आहे माझ्याकडं, चालू डेकमधलं. शनिवारी सात रस्त्याला या, देतो. कव्हरं पोतंभर आहेत, हवी तेवढी न्या. फक्त भजनाच्या कॅसेटींना हात लावायचा नाही, त्या आईच्या आहेत आणि तिला सगळं ऐकू येतं.