बेडरूममधली झाडं: तुमचे अनुभव सांगा

पाऊस सुरू झाला की पाय नर्सरीकडे वळतातच, आणि यंदा आमच्या सिंहगड रोडच्या फ्लॅटची बेडरूम झाडांनी सजवायची ठरवलीये. खिडकी एकच, पश्चिमेची. ज्यांची झाडं बेडरूममध्ये खरंच टिकलीत त्यांनी लिहा, कुठं ठेवली, पाणी किती, सगळं, लांबलं तरी चालेल.

कोथरूडहून
ताई, आमचीपण पश्चिमेचीच खिडकी. एप्रिल-मेमधलं दुपारचं ऊन काचेतून थेट आलं की मनी प्लांटची पानं करपतात, म्हणून आम्ही पातळ पांढरा पडदा लावला आणि कुंडी खिडकीशेजारच्या भिंतीला सरकवली, आता वेल पेल्मेटवरून पार कपाटापर्यंत आलाय आणि सकाळी डोळे उघडल्यावर आधी तोच दिसतो, फार छान वाटतं. कपाटाच्या अंधाऱ्या बाजूला झीझी (ZZ) प्लांट. त्याच्या मुळाशी बटाट्यासारखे कंद असतात, त्यात पाणी साठतं, त्यामुळे माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी घालायचंच नाही. पावसाळ्यात तर फारच क्वचित.

वानवडीहून
आमच्या सासूबाईंचं म्हणणं होतं की रात्री झाडं कार्बन डायऑक्साइड सोडतात, झोपायच्या खोलीत नकोत. सोडतात हे खरंय, पण चार-पाच कुंड्यांपेक्षा शेजारी झोपलेला माणूस कितीतरी जास्त सोडतो, हे सांगितल्यावर त्यांनीच स्नेक प्लांटला जागा करून दिली. उलट बाजूचंपण सांगते, स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतं असं सगळीकडे फिरतंय ते बरोबर नाही. ते रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन ठेवतं, ऑक्सिजन मात्र उजेडातच तयार होतो. आणि हवा शुद्ध होते म्हणतात ना, तो नासाचा १९८९चा प्रयोग बंद पेटीतला होता. २०१९मध्ये सगळ्या प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला तेव्हा निघालं की नेहमीच्या इमारतीत जेवढी हवा खेळते तेवढं काम करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. तेव्हा हवेसाठी खिडकी उघडा आणि झाडं डोळ्यांना सुख म्हणून लावा, तेवढं कारण मला तरी भरपूर आहे.

औंधहून
घरात मांजर असेल तर मनी प्लांट, पीस लिली, झीझी खाली ठेवू नका प्लीज. चावली तर तोंडाची आग होते, लाळ गळते. खऱ्या लिलीची फुलं तर फुलदाणीतसुद्धा आणू नका, मांजराच्या किडन्या निकामी होतात. आमच्याकडे स्पायडर प्लांट आहे, मनीमाऊ कुरतडते, काही होत नाही.

हडपसरहून
मनी प्लांट बाटलीत ठेवणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण बदला आणि बाटली आतून घासा, कारण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि ती काचेला चिकटून राहतात. कुंडीखालची ताटलीपण रिकामी करा. झाडं घ्यायला सोलापूर रोडच्या नर्सऱ्या बघा, मांजरी, उरुळी कांचनकडच्या. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं, तिथंही स्टॉल असतात.

सिंहगड रोडवरून (मीच)
सगळ्यांचे मनापासून आभार! झीझी आणि स्पायडर प्लांट नक्की, पडदा आजच मोजला. कोथरूडवाल्या ताई, वेल भिंतीवर धरायला खिळे मारलेत की चिकटणारे हुक? भाड्याचं घर आहे, म्हणून विचारतेय.