सिंथवरच्या ब्रासचं पितळ उघडं पडलं तर पडू दे

खर्जातला सा (धागाकर्ता)

परवा भाच्याने लॅपटॉपवर ट्रंपेटची सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्याच्या मुद्रित सुरांचा संच) लावून दाखवली. एकेक सूर सुटा ऐकला तर शेजारी कुणी खरोखर ट्रंपेट तोंडाला लावून बसलंय असं वाटावं. मग त्याने दोन्ही हातांनी कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरला आणि पितळ उघडं पडलं. सहा ट्रंपेटवाले एकाच क्षणी, एकाच दमात फुंकतात, असं कधी असतं का?

माझं म्हणणं सरळ आहे. सिंथवर (सिंथेसायझरवर) ब्रास, म्हणजे ट्रंपेटसारख्या पितळी वाद्यांचा आवाज, करायचा तर कोऱ्या पॅचपासून (आवाजाच्या सेटिंगपासून) हाताने बांधा आणि खऱ्या वाद्याची नक्कल करायला जाऊ नका. जुने सिंथ घ्या: १९७७ चा यामाहा सीएस-८०, १९७८ चा प्रॉफेट-५, १९८१ चा रोलँड ज्युपिटर-८, यांपैकी कशाचाही ब्रास ऐकून कुणाला खरे ट्रंपेट वाटले नाहीत. व्हॅन हेलन बँडच्या 'जंप' गाण्याच्या सुरुवातीचा ओबरहाइम ओबी-एक्सए तर उघडउघड सिंथच आहे. तरी तो आवाज लोकांच्या डोक्यातून गेलेला नाही.

माझी कृती: दोन सॉटूथ ऑसिलेटर (करवतीच्या दातांसारखी लहर काढणारे आवाजाचे उगम), दुसरा पाच-सहा सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा. लो-पास फिल्टर (आवाजाची वरची चकाकी अडवणारा) बराचसा बंद. खरी गंमत फिल्टरच्या एन्व्हलपमध्ये (तो किती वेळात उघडतो-मिटतो त्या आखणीत) आहे. अटॅक (चढायचा वेळ) साधारण ५०-६० मिलिसेकंद, डिके (उतरायचा वेळ) अर्धा सेकंद, सस्टेन (पट्टी दाबून असेपर्यंतची पातळी) मध्यावर. आवाजाचा एन्व्हलप मात्र लगेच उघडू द्या. मग सूर येतो बोथट आणि आल्यावर चकाकतो. अटॅक पार शून्यावर नेलात तर तार छेडल्यासारखं वाजेल, २०० च्या पुढे नेलात तर पेंगुळलेलं अकॉर्डियन. वेलॉसिटी (पट्टी दाबण्याचा जोर) व्हॉल्यूमपेक्षा फिल्टरला जास्त जोडा.

दोन काळी चार

असहमत. हे घरात निवांत नॉब फिरवणाऱ्याचं तत्त्वज्ञान झालं. मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. सत्तरच्या दशकातल्या गाण्यांचे म्युझिक पीस लोकांना मुखड्यापेक्षा जास्त पाठ असतात. तिथे मी एकदा असाच हाताने बांधलेला ब्रास लावला होता. मध्यंतरात पहिल्या रांगेतले एक काका आत आले, म्हणाले, "तो ट्रंपेटचा पीस का गाळलात?" गाळला नव्हता हो, वाजवला होता!

खर्जातला सा

काकांना नमस्कार. पण तो एकट्या ट्रंपेटचा पीस असणार. सोलोला सॅम्पल घ्या, माझी ना नाही. मी कॉर्डबद्दल बोलतोय.

भागाकार

धागाकर्ते म्हणतात नक्कल करू नका, आणि कृती देतात ती अस्सल नकलेची!

साठच्या दशकात बेल लॅब्जमध्ये झाँ-क्लोद रिसेने ट्रंपेटचे सूर कॉम्प्युटरवर तपासले. त्यात दिसलं की सूर सुरू होताना खालचे हार्मोनिक (सुरात मिसळलेले उपस्वर) आधी उभे राहतात, वरचे मागाहून येतात, आणि जितकं जोरात फुंकावं तितका आवाज झळझळीत होत जातो. तुमचा ५० मिलिसेकंदांचा अटॅक म्हणजे दुसरं काय? वेलॉसिटी फिल्टरला का जोडली? जॉन चाउनिंगने एफएममध्ये (एका लहरीने दुसरीची वारंवारता हलवून आवाज घडवायच्या पद्धतीत) हेच फिल्टरशिवाय केलं: आवाज वाढेल तसा मॉड्युलेशन इंडेक्स (त्या हलवण्याचं प्रमाण) वाढवायचा. याच पद्धतीच्या १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ चे पहिले तीन प्रीसेट (तयार आवाज) ब्रासचे होते, पुढचे तीन स्ट्रिंग्जचे (व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांचे). नकलेची हौस सगळ्यांनाच होती.

खर्जातला सा

पकडलंत. मग असं म्हणतो: ट्रंपेटचा स्वभाव घ्या, चेहरा नको. सॅम्पलमध्ये नेमकं उलटं होतं, चेहरा हुबेहूब आणि स्वभाव गोठलेला.

रेशीमगाठ

स्ट्रिंग्जबद्दल कुणी बोलेना म्हणून लिहिते. दोन ऑसिलेटर हवेतच हा हट्ट चुकीचा आहे. रोलँडच्या ज्युनो-६० सिंथमध्ये प्रत्येक सुराला एकच ऑसिलेटर, तरी त्याच्या स्ट्रिंग्जना तोड नाही. पल्सची (चौकोनी लहरीची) रुंदी सावकाश हलती ठेवायची, अटॅक ३००-४०० मिलिसेकंद, हाय-पास फिल्टर थोडा वर घेऊन खालचा गाळ काढायचा, आणि मग कोरसचं (त्याच आवाजाच्या किंचित हलत्या प्रती त्यात मिसळणाऱ्या इफेक्टचं) बटण. १९७४ ची सोलिना (स्ट्रिंग्जसाठीचाच कीबोर्ड) तर त्याहून गरीब. वरच्या सप्तकाचे बारा सूर तयार करायचे आणि दोनाने भागत खालची सप्तकं काढायची. सगळं एकमेकांना बांधलेलं, डीट्यूनला (सूर एकमेकांपासून किंचित हलवायला) जागाच नाही. तिचं रेशीम सगळं कोरसमधलं. तो बंद करून ऐका, भजनातली पेटी निघते.

दोन काळी चार

+१. पेटीचं अगदी पटलं.

म्हापसेकर

तुम्हा दोन्ही पक्षांशी माझं भांडण आहे. माझे मामा मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन वाजवत. तिथल्या व्हायोलिन आणि ट्रंपेटच्या रांगांत आमचे गोंयकार किती होते, ते जुन्या लोकांना विचारा. ऐंशीनंतर कीबोर्ड आले, तशा रांगा आखूड झाल्या. ट्यूनिंग जमवत बसणारे वीस जण गेले आणि तुम्ही पाच-सहा सेंटांवर वाद घालताय.

ते असो. मामा कीबोर्डवाल्यांना एवढंच सांगत: हात उचल. फुंकणाऱ्याला दम घ्यावा लागतो, गज परत फिरवावा लागतो. तुमचे कॉर्ड आठ-आठ मात्रा चिकटलेले असतात. आणि ट्रंपेट मधल्या सा-च्या (सफेद एक) खाली (काळ्या धरून) सहा-आठ पट्ट्यांतच संपतो, त्याच्याखाली डाव्या हाताने ट्रंपेट वाजवू नका. तिथे ट्रॉम्बोन असतो. पॅच कुठलाही लावा, हे चुकलं की सोंग कळतं.

खर्जातला सा

म्हापसेकर, तुमच्या पहिल्या परिच्छेदाला माझ्याकडे उत्तर नाही. दुसरा लिहून घेतलाय.

दोन काळी चार

रविवारच्या शोचा वृत्तांत. वरचा सूर सॅम्पलचा, खालचे तीन धागाकर्त्यांच्या सॉटूथचे, दर चार मात्रांना हात वर. काका मध्यंतरात आले. म्हणाले, ट्रंपेट झकास, पण व्हायोलिनं पेटीसारखी का वाजत होती?

रेशीमगाठ, कोरसचं बटण दाबायचं राहिलं होतं.