पंप शॉटगनचा दस्ता बदलायचाय? आधी लांबी बघा, पिस्तुली मूठ नंतर (किंवा नाहीच)

पोकोनोची_पार्वती

आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या क्लबात ट्रॅप (हवेत उडवलेल्या मातीच्या थाळ्या, म्हणजे क्ले, टिपायचा खेळ) खेळायला हल्ली बरीच मराठी मंडळी येतात. पहिली पंप शॉटगन (पुढची मूठ मागेपुढे सरकवून काडतूस भरायची बंदूक) जवळजवळ ठरलेली असते: मॉसबर्ग ५०० नाहीतर रेमिंग्टन ८७०. दोन्ही दणकट, दोन्हींचा खप एक कोटीच्या वर, सेकंडहँड कुठेही मिळतात. मग दुसरी खरेदीही ठरलेलीच. दस्ता! आणि तो कसला, तर काळा, पिस्तुली मुठीचा, सहा खाचांमध्ये मागेपुढे सरकणारा, एआर-१५ या लष्करी धाटणीच्या रायफलला शोभेल असा.

माझं मत सरळ आहे. आपल्यापैकी बहुतेकांना दस्ता बदलायची गरज असते, पण ती लांबीसाठी. रुबाबासाठी नाही.

चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर कारखान्यातून साधारण १४ इंच येतं. पावणेसहा फुटांच्या वरच्या माणसाला ते ठीक. माझी उंची पाच फूट दोन इंच. क्लबात नवीन येणाऱ्या बायकांचं आणि बुटक्या पुरुषांचं काय होतं ते मी दर रविवारी बघते. दस्ता खांद्याच्या खळग्यात बसतच नाही, दंडावर जातो. तोल सावरायला माणूस कमरेतून मागे झुकतो. डावा हात पुढच्या मुठीपर्यंत ताणला गेल्यामुळे पंप पुढे पूर्ण जात नाही, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) अर्धवट राहतो, आणि पुढच्या क्लेला चाप दाबला तर नुसती शांतता. संध्याकाळी दंड निळा. मग निष्कर्ष काय निघतो? "बारा बोअर फार लाथ मारते." अहो, लाथ बंदूक मारतेच, पण तुम्ही ती चुकीच्या जागी खाताय.

म्हणून माझी पसंती स्पेसरवाल्या साध्या दस्त्याला. मॅगपुलचा एसजीए साडेबारापासून साडेचौदा इंचांपर्यंत जातो. मागचं पॅड काढून मधल्या चकत्या कमी-जास्त करायच्या, बस. कायम आखूडच हवा असेल तर होगचा १२ इंची रबरी दस्ता आहे.

आणि मॉसबर्गवर पिस्तुली मूठ लावू नका. तिची सेफ्टी (चाप अडवणारी कळ) रिसीव्हरच्या, म्हणजे बंदुकीच्या मधल्या धातूच्या भागाच्या वर, मागच्या बाजूला असते, म्हणजे साध्या दस्त्यावर बरोब्बर अंगठ्याखाली. पिस्तुली मूठ लावली की अंगठा खाली जातो आणि सेफ्टीसाठी दर वेळी पकड सोडावी लागते. इतकी सोयीची जागा कंपनीने दिलीय, ती पैसे मोजून घालवायची कशाला?

या, भांडा.

टेक्सासचे_तात्या

लांबीबद्दल शंभर टक्के सहमत, खरेदीबद्दल शून्य टक्के. शंभर-सव्वाशे डॉलरचा दस्ता कशाला? मॉसबर्गचा मुलांसाठीच्या मॉडेलवरचा आखूड दस्ता वापरलेला घ्या, फार स्वस्तात मिळतो. नाहीतर लाकडी दस्ता असेल तर सरळ करवत घ्या. चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे कडेच्या ढलप्या उडत नाहीत, मागच्या तिरक्या कोनाला समांतर रेघ मारा, बारीक दात्याच्या पात्याने कापा, वर चांगलं रबरी पॅड बसवा. उरलेल्या पैशात काडतुसांचे आठ-दहा बॉक्स येतात. नवशिक्याला दस्त्यापेक्षा त्यांची गरज जास्त आहे.

पोकोनोची_पार्वती

तात्या, कापलेलं परत जोडता येत नाही हो. जानेवारीत मी जाड कोट घालून उभी असते तेव्हा मला साडेबारा लागतात, जुलैत टी-शर्टवर तेरा. तुमच्या टेक्सासात कोटाचा प्रश्न नाही, म्हणून करवत सुचते.

ओहायोकर_७७

ताई, पूर्ण असहमत. तुमचं सगळं गणित क्लबातलं आहे. शॉटगन घेणाऱ्यांपैकी कितीतरी जण ती घराच्या रक्षणासाठी घेतात. आमच्या घरी एकच ८७० आहे. मी सहा फूट, बायको पाच तीन. स्पेसर काढायला रात्री दोन वाजता स्क्रूड्रायव्हर शोधू का? सहा खाचांचा दस्ता एका सेकंदात तिच्या मापाचा होतो. वाद संपला.

सेफ्टीचा मुद्दा फक्त मॉसबर्गचा. ८७० ची सेफ्टी चापाच्या कडीच्या मागच्या भागात, आडवी सरकणारी. पिस्तुली मूठ असली तरी तर्जनी पोचते. शिवाय एका हातात फोन असेल तर पिस्तुली मुठीने बंदूक ताब्यात राहते, साध्या दस्त्याने नळी खाली झुकते.

पोकोनोची_पार्वती

८७० च्या सेफ्टीबाबत मान्य. दोघांची एकच बंदूक हेही कारण म्हणून पटतं. पण मग दस्ता कायम वहिनींच्या मापावरच ठेवा की! उंच माणूस आखूड दस्ता थोडं सावरून वापरू शकतो, बुटक्याला लांब दस्ता वापरता येत नाही. रात्री दोन वाजता खाच मोजत बसायचीही गरज नाही.

त्या सरकत्या दस्त्यांचा दुसरा त्रास कोणी सांगत नाही. गाल टेकवायला खाली प्लास्टिकची नळी. बकशॉटची (मोठ्या छर्‍यांची) पाच काडतुसं लागोपाठ मारा आणि मग गालाचं हाड काय म्हणतं ते विचारा.

ओहायोकर_७७

गालाचं हाड वाचवायला स्प्रिंगवाले दस्ते आहेत. ब्लॅकहॉकचा नॉक्स बघा, धक्का बऱ्यापैकी खातो. घराच्या रक्षणात शंभर काडतुसं कोण मारतंय?

अक्रोडप्रेमी

तुम्ही सगळे लांबीवर अडलात. शॉटगनला सहसा मागचा नेम नसतो. मागचा नेम म्हणजे तुमचा डोळा, आणि डोळा कुठे येणार हे ठरवते दस्त्याच्या वरच्या कडेची उंची, जिथे गाल टेकतो. कड आठवा हिस्सा इंच वर-खाली झाली तर ४० यार्डांवर छर्‍यांचा झुबका साधारण चार-पाच इंच सरकतो. ट्रॅपमध्ये क्ले वर चढत जाते, त्यामुळे तिथे कड थोडी उंचच हवी, म्हणजे क्ले नळीच्या वर दिसत असताना बार काढता येतो.

पार्वतीताईंचा लाडका एसजीए नळीच्या टोकावरच्या साध्या मण्याच्या नेमासाठी खाली ठेवलेला आहे. त्याला गालाच्या उंचवट्याचा किट वेगळा विकत घ्यावा लागतो. म्हणजे खर्च पुन्हा वाढला.

माझा उपाय: लाकडी दस्ता ठेवा, वर फोमची पट्टी चिकटवा, एकेक थर वाढवत नेऊन कागदावर मारून बघा. झुबका जागेवर आला की थांबा. आणि अक्रोडाच्या दस्त्यावर तेलाचा हात फिरवल्यावर जे रेषांचं काम वर येतं, ते तुमच्या काळ्या प्लास्टिकला सात जन्मात जमायचं नाही. हा मुद्दा तांत्रिक नाही हे मला माहीत आहे.

टेक्सासचे_तात्या

+१. शेवटच्या वाक्याला +२.

कांदेपोहे_आणि_काडतुसं

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. एक बाळबोध शंका: मी एच-१बी वर आहे. दस्त्यावर चर्चा करण्याआधी बंदूक घेता येते का मला?

ओहायोकर_७७

तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई आहे. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे वैध हंटिंग लायसन्स. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. शिवाय राज्याचे नियम वेगळे, उदाहरणार्थ न्यू जर्सीत शॉटगन घ्यायलाही आधी ओळखपत्र काढावं लागतं. इथल्या प्रतिसादांवर विसंबू नका, वकिलाला विचारा. व्हिसाचा प्रश्न आहे.

जाता जाता दस्त्यांचंही सांगतो. १९३४ च्या कायद्यानुसार नळी १८ इंचांपेक्षा किंवा शॉटगनची एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी झाली तर नोंदणीचं वेगळंच प्रकरण सुरू होतं. नेहमीचा दस्ता बदलून तिथवर कोणी जात नाही, पण दस्ता काढून नुसती मूठ लावणाऱ्यांनी टेप लावून बघावं.

देवगडकर

वाचून गंमत वाटली. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आजोबांची दुनळी बारा बोअर आहे. दस्ता लांबच आहे. आजोबा उंच होते, मी नाही. इथे बाजारात तयार दस्ते मिळत नाहीत, आणि सुताराकडून करून घ्यावं म्हटलं तर बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो, कुणाकडेही देता येत नाही. गेली कित्येक वर्षं तशीच वापरतोय. माणूस बंदुकीला जुळवून घेतो हो. तुम्ही लोक बंदुकीला माणसाच्या मापाची करत बसता.

अक्रोडप्रेमी

देवगडकर, राग मानू नका, पण तुम्ही नेम कधी धरता? माकडांच्या कळपाकडे तोंड करून एक बार काढला की काम झालं. इथे एका फेरीत पंचवीस क्ले, दुपारपर्यंत चार फेऱ्या. शंभराव्या बारालाही गाल पहिल्या जागीच यायला हवा. जुळवून घेतलेलं अंग पन्नासाव्या बाराला थकतं आणि मान वर येते. मान वर आली की क्लेच्या वरून मारलंच समजा.

देवगडकर

आवाजानेच माकडं पळतात हे खरं. पण रानडुक्कर पळत नाही, हे येऊन बघा एकदा.

टेक्सासचे_तात्या

देवगडकरांच्या बाजूने एक. लांबी थोडीफार चुकली तरी बंदूक खांद्याला लावण्याची सवय नीट असेल तर चालतं. मी नवीन माणसाला आधी क्लबातली आखूड २० बोअर हातात देतो. महिनाभर मारू दे. मग त्यालाच कळतं त्याला काय हवंय. पार्वतीताई, तुम्ही पहिल्याच आठवड्यात पार्सल मागवायला लावता.

पोकोनोची_पार्वती

तात्या, तुम्ही त्याला मापात बसणारी बंदूक देता आणि म्हणता माप महत्त्वाचं नाही! महिनाभर तुमची स्वतःची १४ इंची द्या ना हातात. तो महिन्याने परत येईल का ते सांगा.

टेक्सासचे_तात्या

हं. तरी करवतीवर ठाम आहे.

कांदेपोहे_आणि_काडतुसं

बंदूक नाही तरी विचारतो: हा दस्ता निघतो कसा? व्हिडिओत तर स्क्रूच दिसत नाही.

पोकोनोची_पार्वती

सगळ्यात आधी बंदूक रिकामी आहे ना ते बघा. नळीच्या मागच्या घरात बोट घालून, आणि खालची मॅगझिनची नळीही. काडतुसं दुसऱ्या खोलीत.

मग मागच्या रबरी पॅडकडे नीट बघा. रबरात दोन बारीक चिरा दिसतील, स्क्रू त्यांच्या आत असतात. स्क्रूड्रायव्हरला थोडं व्हॅसलीन लावून आत घाला, नाहीतर चिरा फाटतात आणि पॅड कायमचं विद्रूप होतं. पॅड निघालं की दस्त्यात आत खोलवर मोठा बोल्ट असतो. त्याला लांब दांड्याचा, रुंद चपट्या पात्याचा स्क्रूड्रायव्हर लागतो, घरातला नेहमीचा पुरत नाही. पातं खाचेत बसलं की नाही ते टॉर्चने बघा, मगच जोर लावा. घसरलं तर आतून लाकूड तडकतं.

नवीन दस्ता मागवताना बोअर बघून घ्या. ८७० चा बारा बोअरचा दस्ता २० बोअरच्या लहान रिसीव्हरवर बसत नाही. आमच्या क्लबात एकाने मागवलाय तसा. कोणाला ८७० बारा बोअरसाठी हवा असेल तर सांगा, पाकीट अजून फोडलेलं नाही.

ओहायोकर_७७

कुठल्या रंगात आहे?