नाव गेलं नाही, ग्रामसभा गेली

स्वित्झर्लंडमधलं चिर्चेन हे गाव शेजारच्या कूर शहरात विलीन झालं म्हणजे गावाचं नाव पुसलंच गेलं, असं म्हटलं जातं. टपालापुरतं तरी तसं नाही. स्वित्झर्लंडमध्ये पत्त्यातलं वस्तीचं नाव आणि पिनकोड पालिकेच्या हद्दीला बांधलेले नसतात. मालाडर्स १ जानेवारी २०२० ला, हाल्डेनश्टाइन २०२१ ला आणि चिर्चेन-प्राडेन (चिर्चेन याच पालिकेत होतं) २०२५ ला कूरमध्ये गेलं, तरी पाकिटावर ७०२६ मालाडर्स, ७०२३ हाल्डेनश्टाइन, ७०६४ चिर्चेन असंच लिहायचं. रस्त्याचं नाव त्या वस्तीपुरतं वेगळं असलं की पुरे, म्हणून तेच नाव कूरमध्येही असलं तरी पाट्या बदलाव्या लागत नाहीत. गेली ती ग्रामसभा. गावाच्या खर्चावर सगळे मतदार एकत्र बसून हात वर करून निर्णय घ्यायचे, ते काम आता कूरच्या २१ जणांच्या सभागृहाकडे गेलं. माझ्या मते हे नुकसान नावापेक्षा कितीतरी मोठं आहे.

दुसरा घोळ आकडेवारीत होतो. प्रत्येक पालिकेला संघीय सांख्यिकी कार्यालयाचा क्रमांक असतो, कूरचा ३९०१. विलीन गावाचा क्रमांक रद्द होतो. जुने-नवे तक्ते नुसत्या क्रमांकावर जोडले की गाव गुपचूप गळतं आणि कूरची लोकसंख्या एका वर्षात उगाच फुगलेली दिसते. म्हणून आधी सगळ्या वर्षांसाठी जुन्या गावांचे आकडे ३९०१ मध्ये मिळवा, मगच वाढ काढा. पिनकोडवरून जोडायला जाऊ नका, त्याच्या सीमा पालिकेच्या सीमांशी जुळतीलच असं नाही.