लाडकी बहीणच्या पैशानं वस्तीत काय बदललं, हे विचारायचं कसं?

पर्वतीची_ताई:
पुण्यात पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीत बारा वर्षं अभ्यासिका चालवते. संस्थेनं आता काम दिलंय, ६० घरं फिरून लाडकी बहीण योजनेचा 'परिणाम' लिहून द्या. फॉर्म आयता आलाय. पहिलाच प्रश्न, 'पैसे कशावर खर्च केले?' चाळीस घरं झाली. उत्तरं ठरलेली: पोरांची फी, औषधं, किराणा. एकीनंही साडी म्हटलं नाही, भिशी तर नाहीच. अहो, यातल्या तिघींच्या भिशीत मी स्वतः आहे! हातात कागद दिसला की नाव कापायला आलेत असं वाटतं. मग 'लई बरं झालं ताई' म्हणतात नि चहा टाकतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये महिन्याला १,५०० प्रमाणे दोन महिन्यांचे पहिले ३,००० एकदम आले, तेव्हापासून 'पडले का?' हा नळावरचा रामराम झालाय. फरक पडलाय, डोळ्यांना दिसतो. फॉर्मात काही येईना. कसं विचारू?

धुणीभांडी_ते_बीकॉम:
ताई, काय घेतलं ते राहू द्या, काय थांबलं ते विचारा. माझी आई चार घरची कामं करते. वीस तारीख उलटली की एका मॅडमकडून पाचशे-हजार उचल ठरलेली. उचल घेतली की सुट्टी मागायची चोरी, पगारवाढीचं तर नावच नको. गेल्या वर्षी उचल बंद झाली आणि दिवाळीत आईनं पहिल्यांदा तोंड उघडून बोनस मागितला. मिळाला नाही. तिनं ते घरच सोडलं. हे कुठल्या रकान्यात भरणार?
आणि पैसे आल्याचा मेसेज कुणाच्या मोबाईलवर येतो तेही विचारा. आमच्याकडं वर्षभर बाबांच्या येत होता.

निवृत्त_अर्थमास्तर:
योजना राज्यभर एकदम लागू झाली, त्यामुळे न मिळालेली वस्ती तुलनेला सापडायची नाही. वयाच्या अटीचा उपयोग करून बघा, २१ ते ६५. नुकत्याच २१ पूर्ण झालेल्या आणि काही महिने कमी असलेल्या मुलींची घरं शेजारी ठेवा. ६५च्या टोकाला जाऊ नका. तिथून पुढं काहींना श्रावणबाळ या वृद्धांच्या पेन्शन योजनेचे १,५०० मिळतात, सगळा घोळ होईल.

पर्वतीची_ताई:
मास्तर, आमच्या वस्तीत निम्म्या जणींची जन्मतारीख १ जून आहे! शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. काही महिने कमी-जास्त कुठून काढू?
पण 'काय थांबलं' हे काल चार घरी विचारलं. एकीनं फायनान्सवाल्यांचा कर्जाचा दुसरा गट सोडलाय. दुसरी बराच वेळ गप्प होती, मग पदरानं कढई पुसत म्हणाली, नवऱ्यानं द्यायचं थांबवलं. महिन्याला हजार द्यायचा, आता म्हणतो, 'तुला सरकार देतंय की.' म्हणजे तिच्या हातात वाढले पाचशे. माझ्या फॉर्मात पंधराशेच लिहिलेत.

रेशनच्या_रांगेत:
ज्यांना मिळतात त्यांच्याच घरी जाताय का? गळालेल्या कोण मोजणार? सप्टेंबर २०२५ पासून योजनेच्या ई-केवायसीला, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीला, नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही लागायला लागला. विधवा, घटस्फोटितांना नंतर कागद दाखवून वाट मिळाली. पण टाकलेल्या बाईकडं ना मृत्यूचा दाखला, ना कोर्टाचा हुकूम.
रेशनही सोबत विचारा. शहरात स्वस्त धान्याच्या प्राधान्य कार्डाला घराचं वर्षाचं उत्पन्न ५९,००० च्या आत लागतं, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाही. एकाच सरकारच्या लेखी बाई अडीच लाखांपर्यंत लाडकी, पण साठ हजार कमावले की माणशी पाच किलो धान्याला मुकली. ज्यांचं कार्ड आहे त्यांचंही सुरळीत नाही. माझ्या आत्याच्या अंगठ्याच्या रेषा भांडी घासून गेल्यात, मशीनवर थम लागतच नाही. तीनदा रांग धरली की एक दिवसाचा खाडा. पंधराशेतून तेही वजा करा.

पर्वतीची_ताई:
खाड्याचं डोक्यातच आलं नव्हतं. उरलेली वीस घरं फॉर्म पिशवीत ठेवूनच करते.
आमच्या गल्लीच्या टोकाला एक आहे. नवरा सात वर्षांपूर्वी 'सुरतला जातो' म्हणून गेला, तो गेलाच. परवा तिच्या दारावरून पुढं गेले, यादीत 'लाभार्थी नाही' असं होतं म्हणून. उद्या आधी तिच्याकडं.